चामड्याचा वायसर

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र वेगळी राहिली. निरोप समारंभात मी ती सांगितली नाही. आज लिहितानाही दोनदा कागद बाजूला ठेवला.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत एक गाव होतं, एकाच भावकीचं, एकाच आडनावाचं. निम्म्या घरांनी एका मठाची दीक्षा घेतली होती. ती माणसं कडक सोवळं पाळत, बाहेरचं पाणीही पीत नसत. उरलेली निम्मी देवाला हात जोडून आपापल्या कामाला लागणारी. सोयरीक, सुतक सगळं एकत्र चालायचं. भांडण व्हायचं ते ग्रामपंचायतीत, आणि उन्हाळ्यात पाण्यावर, कारण तेव्हा गावात एकच हातपंप चालू असायचा. दीक्षेवाल्यांनी ठराव आणला की सकाळचे दोन तास पंप सोवळ्यासाठी राखून ठेवावा. ग्रामसभेत बी.एस्सी.ला असलेला एक पोरगा उठला आणि म्हणाला, पंप सरकारी आहे, रांगेनं पाणी भरा. ठराव पडला.

पुढच्याच महिन्यात पंप बंद पडला. दीक्षेवाल्यांचे म्होरके तक्रार घेऊन ठाण्यात आले. ते त्या पोराचे सख्खे काका. कपाळाला गंध, बोलणं हळू. आमच्या घरीही माझे वडील असंच गंध लावायचे. मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, संशय कोणावर? ग्रामसभेत कोण भांडलं, तेवढं त्यांनी सांगितलं. त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला की पंप बिघडला त्याच्या आदल्या सायंकाळी तो पोरगा पंपापाशी उभा होता. माझं समाधान झालं.

पंचनामा हवालदारानं काकांच्या ओट्यावर बसून लिहिला. दोन्ही पंच दीक्षेच्या घरांतले. ‘आतील सळई अज्ञात इसमाने तोडली’ असं त्यात होतं, पण पंप कोणी उघडून पाहिला नव्हता. मी वाचलं आणि सही केली.

पोराला सायंकाळी आणलं. स्टेशन डायरीत नोंद केली नाही. नुसती चौकशी आहे, असं मीच म्हणालो. तेव्हा ही सर्रास पद्धत होती, पण म्हणून ती बरोबर ठरत नाही. मी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत राहिलो, पंप का तोडलास? तो म्हणे, मी तोडला नाही. मी दोन थपडा मारल्या. मग तो म्हणाला, “साहेब, उद्या सकाळी बुलढाण्यात माझं प्रॅक्टिकल हाये. ते झालं की मीच येतो. मले आता जाऊ द्या.”

मी म्हणालो, “पंपावर झालं ना तुझं प्रॅक्टिकल? आता पास-नापास आम्ही ठरवू.”

शिपाई हसले. मीही हसलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री, पहिली एसटी चुकू नये म्हणून, बाहेरच्या कपड्यांवरच झोपणारा मी. तरी हसलो.

पोराला रात्रभर ठाण्यातच ठेवलं. सकाळी पंचायत समितीचा पंप मिस्त्री आला, म्हणून मी गावात गेलो. त्यानं पंपाभोवती एक फेरी मारली, बोल्टांवर बोट फिरवून मला दाखवलं. ताजं ग्रीस होतं.

“साहेब, तोडनारा मानूस बोल्ट आवळून, ग्रीस लावून जाते का?”

चार माणसं लावून त्यानं पाइप वर ओढले. आत पाणी ओढणाऱ्या दट्ट्याला चामड्याचे वायसर, म्हणजे वॉशर, असतात, ते नव्हते. त्यांच्या जागी ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून गोल कापलेले रबराचे तुकडे होते. रबर दुमडून अडकलं होतं, आणि जोर लावल्यावर सळई तुटली होती. मिस्त्री म्हणाला, “चामडं कोनाले चालत नव्हतं, ते पाहा म्हनजे झालं.”

गर्दीतल्या दीक्षेवाल्यांनी माना खाली घातल्या. काका पुढे आले. त्यांनी सांगितलं की ठराव पडल्यानंतर मठातून निरोप आला होता, पंपात चामडं असतं, ते पाणी पूजेला आणि प्यायला चालणार नाही. त्यांच्या बाया तेव्हापासून दीड कोसावरच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. म्हणून चौघांनी मिळून वायसर बदलले. सगळ्यांच्या भल्याचंच केलं, असं ते म्हणाले. बिघडल्यावर मात्र सरकारी पंप उघडला म्हणून भ्याले.

“मग पोराचं नाव काऊन दिलं?” मी विचारलं. रागात माझीही गावाकडची बोली आली.

“कोनं तोडला हे तुमी इचारलंच नाही, साहेब. संशय इचारला.”

ठाण्यात परत येऊन मी पोराला विचारलं, तुला ठाऊक होतं? त्यानं होकाराची मान हलवली. पाणी भरायला गेला तेव्हा त्यानं काकांना पंप उघडताना पाहिलं होतं. “मायचं आन् काकीचं एकच चुलांगण हाये, साहेब. मी नाव घेतलं असतं तर घर फाटलं असतं.”

मी त्याला जीपमध्ये बसवून स्वतः बुलढाण्याला घेऊन गेलो. दुपार झाली होती. प्रयोगशाळेत शिपाई नळ्या धूत होता, बाहेरून आलेले परीक्षक निघून गेले होते. प्राध्यापकांनी आधी माझ्या वर्दीकडे पाहिलं, मग त्याच्या सुजलेल्या गालाकडे, आणि विचारलं, “यानं काय केलं?”

तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. यानं काही केलं नाही, चूक माझी आहे. मी म्हणालो, “चौकशीकामी उशीर झाला.” प्राध्यापकांनी यादीत त्याच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. त्याचं एक वर्ष गेलं.

केस तांत्रिक बिघाड म्हणून बंद झाली. पंचायतीनं पंपात कंपनीचेच रबरी वायसर बसवून घेतले, आणि दोन्हीकडची माणसं एका रांगेत पाणी भरू लागली. गावाचं गावानं निस्तरलं. दीक्षेवाले कसे आणि बाकीचे कसे, हे या केसनं मला शिकवलं असं मी सांगू शकत नाही. मी ज्याला खुर्ची दिली त्याचं ऐकलं, आणि जो उभा होता त्याला मारलं, एवढंच मला माझ्याबद्दल कळलं. पुढे पंचनाम्यावर सही करण्याआधी मी जागेवर जायला लागलो. त्या प्राध्यापकांकडे मात्र पुन्हा कधी गेलो नाही.