मागच्या फाटकाची किल्ली

हेडा विखरिंग अजून जिवंत आहे, म्हणून तिच्याबद्दल चांगलंच लिहायची माझ्यावर सक्ती नाही.

आमच्या बाड एलर्नझोल गावातली मिठाची भिंत तिच्या ताब्यात आहे. दोन मजली उंच लाकडी सांगाडा, त्यात काटेरी फांद्यांच्या जुड्या ठासून भरलेल्या, वरून झिरपणारं खारं पाणी. हवापालटाला आलेले दमेकरी तिथली खारी हवा छातीत घेत तिच्या कडेकडेनं येरझारा घालतात. हेडाचा बाप या जुड्या बांधायचा. चौदाव्या वर्षी तीही बांधायला लागली. तिच्या बोटांत मोडलेल्या काट्यांचे काळे ठिपके आहेत, ते आता जायचे नाहीत. लग्न आठ महिने टिकलं. नवरा समुद्राकडे निघून गेला, तेव्हा म्हणाली म्हणे, "मीठ त्याला इथंही मिळत होतं." गाव अजून हसतं. मला हसू येत नाही.

दुपारी एक ते तीन विश्रांती. एकच्या ठोक्याला ती फाटकाला कुलूप घालते. पाणी मात्र झिरपतच राहतं. मागच्या छोट्या फाटकाच्या किल्ल्या गावात नऊ जणांकडे आहेत. ज्यांच्याशी तिचं 'तू' आहे, ते नऊ. लग्न होऊन इथं आले त्याला अकरा वर्षं झाली, पण मी तिच्या लेखी 'तुम्ही'च होते. आणि आमच्याकडे 'तू' हे वयानं मोठ्यानं, एकत्र ग्लास पिऊन द्यायचं असतं. आपण होऊन घ्यायचं नसतं.

माझी फेनया सात वर्षांची. तिचा श्वास नेमका जेवणानंतर अडकतो. पंपानं तो सुटतो, पण छातीतली शिट्टी राहते. ती थांबते फक्त भिंतीपाशी.

मे महिन्यात एकदा दीड वाजता मी तिला उचलून फाटकाशी नेलं. आत बाकावर हेडा राय धान्याचा पाव खात बसली होती.

"तीनला या."

"पोरीला धाप लागलीय, विखरिंगबाई."

"मग घरी न्या, निजवा. विश्रांती त्यासाठीच असते."

"अगं, उघड ना तू!"

ती चावायची थांबली. उरलेला पाव तिनं कागदात नीट गुंडाळला. "काय म्हणालात? आपण एकत्र प्यायलो होतो का कधी? मला आठवत नाही."

माझ्या खांद्यावर शिट्टी वाजत होती.

"उघडा," मी म्हणाले. "तुम्ही उघडा. कृपा करून."

"हं. आता ऐकू आलं."

तिनं उघडलं. पण त्याआधी माझं बोलणं सुधारून घेतलं, पोर गुदमरत असताना. हे मी विसरलेले नाही.

सासूबाई म्हणाल्या, "चूक तुझीच. चाळीस वर्षं मी तिला 'तुम्ही' म्हणतेय, माझं काय बिघडलं?"

"तुमचा दम नाही अडकत," मी म्हणाले.

ऑक्टोबरात भिंतीतल्या जुन्या फांद्या काढून नव्या भरतात. दर शनिवारी गाव जुड्या बांधायला जमतं. मी कधी जात नसे. या वर्षी पाचही शनिवार गेले. कशासाठी, ते सगळ्यांना कळत होतं. तिलाही. माझी प्रत्येक जुडी ती चारचौघांत सोडायची.

"कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं? ही जुडी आहे की कावळ्याचं घरटं?"

सगळे खदखदले.

"ओढा घट्ट! काटा तुम्हाला खात नाही. त्यालाही चव कळते."

हातमोज्यातून रक्त यायचं. मी ओढत राहिले, आणि मनात तिचा गळा आवळत राहिले.

पाचव्या शनिवारी काम संपलं. लांब टेबलावर बटाट्याचं सूप आलं, सॉसेज आले. हेडा दोन छोटे ग्लास घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"हेडा," ती म्हणाली. फक्त नाव.

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. 'तू' देण्याची आमची रीत हीच, आणि ते नाकारणं म्हणजे भर चौकात थोबाडीत मारणं. माझं उत्तर मे महिन्यापासून तयार होतं. 'आभारी आहे, विखरिंगबाई, आपलं “तुम्ही”च बरं.' इतकंच. वीस वर्षं गाव त्यावर बोललं असतं.

टेबलाच्या टोकाशी फेनया सूप पीत होती. दोन घोट घ्यायची, चमचा ठेवायची, खांदे उचलून श्वास ओढायची.

"आल्मुट," मी माझं नाव सांगितलं आणि ग्लास एका दमात रिकामा केला. श्नाप्सच्या कडक दारूनं घसा जळला.

तिनं एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. "हरवलीस तर दुसरी नाही. आणि जुड्या तुझ्या अजून भिकारच आहेत."

आता रोज दीडला आम्ही मागच्या फाटकानं आत जातो. ती बाकावर पाव खात असते.

"आलीस?"

"आले, हेडा. जेव तू."

तिला वाटतं, आमचं जुळलं. फेनया भिंतीपाशी उभी राहते, शिट्टी हळूहळू विरते. हेडाचं 'तू' माझ्या जिभेत काट्यासारखं रुतून बसलंय. पोरीची छाती मोकळी होतेय तोवर मी ते उपटणार नाही.