शंभरावी गाडी

लिफ्ट तपासनिसाच्या नोकरीत शंभरकरांनी एकोणतीस वर्षं एकच नियम पाळला. लिफ्ट शंभर वेळा वर जाऊन सुखरूप खाली आल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. वरिष्ठ म्हणायचे, दहा पुरेत. इमारतींचे मालक हात जोडायचे. हे आपले तळमजल्यावर स्टूल टाकून वहीत रेघा मारत बसलेले. शंभरकर हे नाव त्यातूनच पडलं आणि इतकं घट्ट चिकटलं, की खरं आडनाव आता बायको सोडून कुणालाच आठवत नव्हतं.

अशा माणसाच्या गाडीचं सर्व्हिसिंग आलं. पुस्तिकेत लिहिलं होतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. किलोमीटर जेमतेम चार हजार झाले होते, पण वर्ष भरलं होतं. शंभरकरांनी त्या ओळीवर चार दिवस घालवले, अखेर वर्षाच्या बाजूने कौल दिला आणि निवृत्त होताना ऑफिसातून आठवण म्हणून आणलेली पाटी गाडीच्या आरशाला टांगली: 'तपासणीसाठी बंद आहे.' किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात गेली.

नेमका त्याच आठवड्यात बायकोच्या ताईचा फोन आला. "डावा डोळा गेलाच गं. उजव्याचंही डॉक्टर धड काही सांगत नाहीत. दिसतंय तोवर तुझं तोंड एकदा बघू दे."

ताई सहा तासांवर राहायची. बसने जायचं तर तीन बस बदलायच्या आणि बायकोचे गुडघे दुसऱ्या बसच्या पायरीलाच राम म्हणायचे.

"उद्या निघू या," ती म्हणाली.

"सर्व्हिसिंग झालं की लगेच," शंभरकर म्हणाले. खरंच तसं त्यांच्या मनात होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

प्रश्न होता, कुठे करायचं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाला काचेबाहेर बसवत. आत काय चालतं ते दिसत नाही म्हणून ते बाद झालं. मग चौकापलीकडचं पत्र्याचं गॅरेज. तिथला मिस्त्री सगळ्यांदेखत काम करायचा. शंभरकर स्टूल घेऊन हजर झाले. शंभर गाड्या इथून धडधाकट बाहेर पडल्या, की मग आपली द्यायची.

आठवड्याला पाच-सहा गाड्या यायच्या. त्र्याहत्तरावर रेघ गेली आणि हवा भरणारा माणूस नोकरी सोडून गेला. नवा आला. शंभरकरांनी पान उलटलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मिस्त्रीने कपाळाला हात लावला, तर कपाळ काळं झालं.

"साहेब, हवाच तर भरायची असते."

"लिफ्टमध्येही दारच तर लावायचं असतं," शंभरकर म्हणाले.

हळूहळू गिऱ्हाइकं त्यांनाच विचारू लागली. ऑइल कधी बदलू, ब्रेक कधी दाखवू. शंभरकर चष्म्यावरून बघत आणि ठामपणे सांगत, "लगेच. अशा गोष्टी लांबणीवर टाकू नयेत." मिस्त्रीने गाड्यांची कार्डं भरायचं कामही त्यांच्यावर सोपवलं. घरी ताईचा फोन वाजला, की ते बायकोला सांगत, "बासष्ट झाल्या." ती ताईला सांगायची, "येतोय गं." दर वेळी तिचा आवाज थोडा बारीक व्हायचा. ते शंभरकरांना कळत नव्हतं असं नाही. पण बासष्टावर सही त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

नव्व्याण्णव झाल्या त्या सकाळी एक गाडी दारात येऊन थांबली. शंभरकरांनी मान खाली घालूनच कार्ड पुढे ओढलं.

"शेवटचं सर्व्हिसिंग कधी?"

"दीड वर्षापूर्वी."

"फार उशीर केलात. गाडीची तक्रार?"

"गाडीची काही नाही. ताईला आता नुसती सावली दिसते. काल फोनवर म्हणाली, येताना पिवळं काहीतरी नेस, म्हणजे ओळखेन."

शंभरकरांनी वर बघितलं. बायको हळदीसारखी पिवळीजर्द साडी नेसून उभी होती. मागे त्यांचीच गाडी, आरशाला पाटी तशीच लोंबकळत असलेली. खणातली किल्ली तिने कधी शोधली, हे विचारायची सोय नव्हती.

"ही शंभरावी," ती म्हणाली. "मोजा."

मिस्त्रीने कुणाची वाट न बघता बॉनेट उघडलं. ऑइल, फिल्टर, ब्रेक, हवा. सव्वा तासात बॉनेट बंद झालं. "काही नव्हतं हो," तो म्हणाला. "ऑइल तेवढं उभ्या उभ्या काळं पडलं होतं."

शंभरकरांनी शंभरावी रेघ मारली नाही. पाटी काढली, वहीसकट मिस्त्रीच्या हातात दिली आणि बायकोच्या शेजारी बसले. गाडी तीच चालवणार होती.

दिवस मावळायच्या आत पोचले. ताई दारातच खुर्ची टाकून बसली होती. बायको पायरी चढली, तशी ताईने मान कलती करून उजवा डोळा बारीक केला.

"पिवळं दिसतंय," ती म्हणाली. मग तिने बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी डोळ्याशी नेला. नेला, लांब केला, पुन्हा नेला. "तोंड नाही गं दिसत."

शंभरकर पायरीखाली उभे होते. ताई पुन्हा पुन्हा बघत राहिली. त्यांना वाटलं, मोजलं तर शंभराच्या आत एकदा तरी दिसेल. पण मोजायची हिंमत झाली नाही.