कोरी ओळ

"ह्यात माणूस कुटं हाय?"

साखर पेठेतल्या छापखान्यात खिळे जुळवणारा तो म्हातारा माझ्या हस्तलिखिताची पानं हातात पडली की आधी हेच विचारायचा. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बोटं शाईनं काळी, जीभ तिखट. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. माझं तर डोकंच फिरायचं.

मी शाळामास्तर. राणीच्या अमदानीतल्या मोठ्या दुष्काळावर कादंबरी लिहिली होती, पहिलीच. दुष्काळी कामावरचा साहेबाचा तंबू पाच पानं रंगवला होता. कनाती, खुंट्या, पितळी कंदील, घोड्याचं खोगीर. त्यासाठी तीन वर्षं जुने कागद धुंडाळले होते, थट्टा नव्हे!

"खोगीर लई झ्याक हाय, मास्तर," म्हातारा म्हणाला. "पर घोड्यावर कोन बसलंय?"

"तुम्ही खिळे जुळवा!" मी खेकसलो.

मग प्रुफं आली. 'बाया खडी फोडीत होत्या' या माझ्या वाक्याखाली एक ओळ जास्तीची: 'त्यात एक तुळसा होती, बोट चेचलं की मुकादमाला ऐकू जाईल अशी शिवी हासडी.'

मी तणतणत छापखान्यात गेलो. "माझ्या पुस्तकात हात घालणारे तुम्ही कोण?"

"तुमी तंबूच्या खुंट्या मोजल्या, मास्तर. बायांत एकीला बी नाव न्हाई. माजी आय व्हती त्यात."

आरडाओरडा ऐकून मालक आला आणि त्यानं म्हाताऱ्याला उभ्या उभ्या कामावरून काढलं. सगळा जन्म त्या छापखान्यात घालवलेला माणूस! मी एक शब्द टाकला असता तर राहिला असता. टाकला नाही. खरं सांगतो, तेव्हा मला बरंच वाटलं.

त्यानं चिमट्यानं ती ओळ उचलली, तिच्या जागी अक्षर नसलेलं कोरं शिसं बसवलं, पान दोऱ्यानं आवळलं आणि निघून गेला. खालच्या ओळी वर सरकवायची तसदी कुणी घेतली नाही. पान तसंच, मधल्या कोऱ्या ओळीसकट छापलं.

पुस्तक निघालं. लोकांनी तंबूची वाहवा केली. तंबूची! माझ्या नायकाचं नाव एकालाही आठवेना. स्वतःचाच असा संताप आला की प्रत घेऊन तडक म्हाताऱ्याच्या घरी गेलो, माफी मागायला. तो वारून महिना झाला होता.

त्याच्या सुनेनं पदराला हात पुसून पुस्तक घेतलं. ओळ काढल्याचं त्यानं घरी सांगितलंच नव्हतं.

"मामंजी सांगायचे, आजीसासूचं नाव छापलंय म्हनून. मला वाचता येत न्हाई. कुटं हाय ते?"

मी पान उघडलं आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं तर कायच न्हाई की, मास्तर," ती म्हणाली.