दादाच्या लॅपटॉपमधल्या अक्षता

आज दादाचा लॅपटॉप घेऊन वसमतला दुरुस्तीला गेले होते. दादा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून लॅपटॉप कपाटात नुसता पडून आहे, असं मला वाटत होतं. आता माझे क्लास ऑनलाईन, म्हणून आईला न विचारता काढला. चार्जर लावला तर दिवाच लागेना.

दुकानातल्या भाऊंनी चार्जरला मीटर लावलं. "चार्जर बराबर हाय ताई. पिनच पुरी आत जाऊन न्हाई राहिली." मग मोबाईलची टॉर्च मारून त्यांनी लॅपटॉपच्या पिनेच्या भोकातून चिमट्यानं काहीतरी काढलं. कुंकू लावलेले तांदळाचे दाणे.

"खंडेनवमीला पूजा करता व्हय?"

दादा असताना करायचो. आई अक्षता टाकायची अन् तो ओरडायचा, "आई, हळू! मशीन हाय ते."

बरेच दाणे काळे पडले होते. दोन मात्र लालभडक होते. ह्याच दसऱ्याचे.

लॅपटॉप चालू झाला. स्क्रीनवर दादाचं नाव आलं. मला काहीच वाटलं नाही. रडूही आलं नाही. नुसती बघत बसले.

घरी आले तर आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झाला का चालू?"

"व्हय," म्हणलं. दाण्यांचं काही बोलले नाही. क्लास संपल्यावर त्या भोकावर चिकटपट्टी लावली. पुढच्या खंडेनवमीला तिनं खुशाल टाकाव्यात अक्षता. ओरडणारं कुणी न्हाई.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाची कोणती वस्तू अजून पूजेला मांडतात?