कावेरीबाईंची जाळी

कावेरीबाईंना मी प्रथम पाहिले ते तांबरमच्या आमच्या महिला मंडळात. पंखा पूर्ण वेगात असूनही सगळ्या घामाने निथळत होत्या, आणि या बाईंच्या मांडीवर लोकर होती. थंडीच नसलेल्या मद्रासमध्ये विणकाम शिकवण्यात यांचा हेतू काय असावा, हे मला उमगेना. त्या तंजावरकडच्या मराठी; आम्ही नवऱ्यांच्या बदल्यांमुळे महाराष्ट्रातून आलेल्या. फी त्या घेत नसत. त्यामुळे संशय वाढला.

"फुकट शिकवतात म्हणजे घरात लग्नाचा भाचा असणार," सबनीसवहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या. "तुझ्या लग्नाच्या नणंदेचं नाव काढू नकोस हो इथे!"

मला मात्र शिकणे भाग होते. नाशिकला आईच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. मानेला जड काही सोसत नव्हते आणि थंडी जवळ आली होती. दिवाळीला जाताना तिच्यासाठी हलका स्कार्फ न्यायचा होता.

कावेरीबाईंची रीत नवशिक्यांना जमेल अशी होती. लोकर बारीक, सुया जाड, सगळ्या ओळी सुलट. मधून जाळीची ओळ: धागा पुढून घ्यायचा, मग दोन टाके एकत्र विणायचे. एक टाका वाढतो, एक मिटतो; रुंदी तेवढीच राहते. त्या शेजारी बसून पाहत. बोलत फार कमी.

माझा स्कार्फ रुंदावत गेला. शेवटी त्याची शाल होऊ लागली. कावेरीबाईंनी तो उलटून पाहिला, "मजकडे असूं द्या" म्हणून पिशवीत घातला, आणि कारण न सांगता निघून गेल्या.

"गेली तुझी लोकर," सबनीसवहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी न कळवता त्यांच्या घरी गेले. स्कार्फ चटईवर पसरला होता. त्या एकेका भोकावर बोट ठेवत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"खरें सांगा. माझी थट्टा करतां काय?"

"मी? कशाची?"

"मी पोदुम म्हणतें, तेव्हांच तुम्ही भोक पाडतां. दर वेळेस!"

"तुम्हीच तर 'पुढून' म्हणता."

"पोदुम! धागा फार आवळतां, म्हणून. पोदुम म्हणजे पुरे, अम्मा!"

त्यांचे तमिळ 'पोदुम' मी 'पुढून' ऐकत होते. त्या थांबवत, आणि मी धागा पुढून घेऊन आणखी एक भोक पाडत असे; टाका वाढे, मिटत नसे.

हसले कोणीच नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि वीण उसवायला घेतली. बारीक लोकर उसवताना गुंतते. त्यांनी धागा कुठे तुटू दिला नाही. मग सुया माझ्या हातात दिल्या. स्कार्फ पुरा होईपर्यंत रोज घरी बोलावले. भाचा दिसला नाही. मी लक्ष ठेवून होते.

वर्गात त्या 'पुरे' म्हणू लागल्या. जन्मभराचा शब्द ओठांवरून परतवताना क्षणभर अडखळत. आमच्यापैकी कोणी तो बदल मागितला नव्हता, आणि त्यांनीही त्याचा कधी उल्लेख केला नाही.

नाशिकला आईने स्कार्फ उजेडात धरला. "विकतचा आहे. खरं सांग." मग गळ्याभोवती घेतला, मान हळूच दोन्हीकडे वळवून पाहिली, आणि जेवतानाही काढला नाही.

आज मंडळात कावेरीबाईंची पंचाहत्तरी आपण साजरी करत आहोत. त्यांची नजर आणि बोटे शाबूत राहोत. त्यांना निरोगी शंभरी लाभो, आणि त्यांच्याशेजारी येऊन बसणाऱ्या संशयी बायकांची कधी उणीव न पडो.