लीनासाठी एक व्याख्या

क्लिनिकमध्ये पेशंट येतात आणि जातात, किस्से मात्र मुक्कामाला राहतात. कुवेतमधल्या जाब्रिया भागातल्या आमच्या क्लिनिकच्या पॅन्ट्रीत सध्या चहाबरोबर एकच विषय आहे, लीनाची व्याख्या.

लीना ही आमच्या पॅलेस्टिनी लॅब इनचार्ज समीराबाईंची मुलगी. इथेच वाढली, आता कॅनडात वकील आहे. तिथलं सरकार वर्णद्वेषविरोधी धोरण आखतंय. त्यात पॅलेस्टिनींविरुद्धच्या वर्णद्वेषाची व्याख्या यावी, म्हणून लीनाला सरकारी समितीसमोर बोलायचं होतं. व्याख्याच नसेल तर तक्रार कशाची करायची, हा तिचा साधा सवाल.

* * *

समीराबाईंना सगळे ‘उम्म लीना’ म्हणतात. म्हणजे लीनाची आई. आमच्या सांगलीकडे ‘बंड्याची आई’ म्हणतात ना, तसंच.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, “तुमचं गाव कुठलं?”

“पॅलेस्टाईनमधलं हैफा.”

“तिथून कधी आलात?”

“मी तिथे कधी गेलेच नाही.”

माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, “तुझा मुलगा सांगलीत किती राहिलाय?”

आमचे चिरंजीव इथेच जन्मले. पण कुणी विचारलं की छाती काढून सांगतात, “आय ॲम फ्रॉम सांगली!”

* * *

लीनाने ऑफिसच्या पार्टीला मकलूबा नेला, पातेलं उलटं करून वाढायचा भात. शेजारी पाटी ठेवली, ‘पॅलेस्टिनी मकलूबा’. थोड्या वेळाने बघते तर पाटी बदललेली, ‘मिडल ईस्टर्न राइस’.

हे ऐकून आमची केरळची जेसी सिस्टर भडकली. “मी पातेलं उचलून घरी नेलं असतं.”

“नेणारच होते,” लीना फोनवर म्हणाली, “पण तोवर भात संपला होता.”

* * *

व्याख्येचा पहिला मसुदा तिने आम्हाला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला. एकच वाक्य, पण आमच्या इजिप्शियन डॉक्टरांचा चहा संपला तरी ते संपेना.

“बेटा, हे संपेपर्यंत मी रिटायर होईन,” डॉक्टर म्हणाले.

लीनाने काटछाट केली, उरलं ते इतकंच: पॅलेस्टिनी माणसाचं असणं, त्याचं गाव, त्याचं दुःख नाकारणं, किंवा ऐकून घेण्याआधीच त्याला धोकादायक ठरवणं.

उम्म लीनांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मी आजवर याला ‘एकेकाचा स्वभाव’ म्हणत आले.”

डॉक्टरांनी बिस्किटांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

* * *

समितीची बैठक आम्ही संध्याकाळच्या शिफ्टला लॅपटॉपवर बघितली. उम्म लीनांनी माझा हात घट्ट धरला होता.

अध्यक्षांनी छान हसून स्वागत केलं. “आधी थोडी स्वतःची ओळख करून द्या.”

“मी लीना. मी पॅलेस्टिनी आहे.”

अध्यक्षांनी लगेच हात वर केला. “प्लीज, इथे वादग्रस्त काही नको.”

लीनाने समोरचा व्याख्येचा कागद शांतपणे घडी करून पर्समध्ये ठेवला.

“थँक यू,” ती म्हणाली. “माझं झालं.”