पी.सी. म्हणजे प्रकाश चिकन

हे सांगायला बसले की अजूनही कान गरम होतात माझे. पण माझ्याच तोंडून ऐका. दुसरीकडून कळलं तर तिखटमीठ लावलेलं असेल, आणि खरं सांगायचं तर त्याची काही गरजच नाही!

मी वागळे इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये खाण्याचे पदार्थ तपासते. राहते डोंबिवलीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्रकाशदादांचं चिकनचं दुकान. गटारीच्या आठवड्यात ते मला म्हणाले, "ताई, माझ्या मालाचा रिपोर्ट काढून द्या ना. लोक विचारतात हल्ली."

बुधवारी नमुना घेऊन गेले. आता साल्मोनेला शोधणं हे उतावळ्या माणसाचं काम नव्हे. चिकनचा तुकडा एक दिवस पोषक पाण्यात ठेवायचा. मग दुसऱ्या दिवशी अशा पाण्यात, जिथे बाकीचे जंतू मागे पडतात. मग त्यातलं थोडं घेऊन लाल जेलीच्या प्लेटवर रेघोट्या ओढायच्या. काळे ठिपके उगवले तर संशय. नुसता संशय, बरं का! पुढे आणखी दोन दिवस खात्री करायची, आणि मगच तोंड उघडायचं. आमच्या मोठ्या मॅडम हे रोज बजावतात.

प्लेटवर नमुन्याचा नंबर लिहायचा असतो. तो एवढा लांबलचक, की मी मार्करने नुसतं 'पी.सी.' लिहिलं. प्रकाश चिकन! कित्ती हुशार मी!

शनिवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर पी.सी.ची प्लेट काळ्या ठिपक्यांनी गच्च. उद्या गटारीचा रविवार, अख्खी डोंबिवली कोंबडी खाणार! मॅडम सुट्टीवर. मी फोनच लावला.

"दादा, माल विकू नका! जंतू निघालेत."

"काय बोलताय ताई? माणूस मरतो काय त्याने?"

"जुलाब, उलट्या, ताप. लहान पोरांना, म्हाताऱ्यांना जास्त त्रास."

पलीकडे सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "देवासारख्या धावून आलात."

दुसरा कोणी असता तर गुपचूप विकून मोकळा झाला असता. दादांनी उद्यासाठी भरलेला सगळा माल फेकला, शटर ओढलं आणि वर पाटी लावली, 'माल खराब निघाला आहे. काल नेलेलं चिकन खाऊ नये.' त्या पाटीचा फोटो दुपारपर्यंत कल्याणला पोचला. गल्लीत मी हिरोईन! शेजारच्या काकूंनी तर कौतुकाने पनीरची भाजी आणून दिली. आणि मी ती मिटक्या मारत खाल्ली हो!

सोमवारी मॅडम आल्या. "अगं, पॉझिटिव्ह कंट्रोल कुठेय?"

"कुठला?"

"ज्यात आपण मुद्दाम साल्मोनेला सोडतो ती प्लेट. जेली नीट काम करते का बघायला. मी स्वतः पी.सी. लिहिलंय तिच्यावर."

मी इन्क्युबेटर उघडला. खालच्या कप्प्यात आणखी एक पी.सी. होती, माझ्या अक्षरातली. एक काळा ठिपका असेल तर शपथ! मॅडमचं अक्षर मी माझं समजले होते.

संध्याकाळी दादांसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा माल चांगला होता?"

"हो."

"आणि मी फेकला तो?"

"चांगलाच होता, दादा."

ते स्टुलावर बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "नाव गेलं ना ताई. ते कुठून आणायचं?"

चूक माझी, आणि भोगत होते ते. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. सगळ्या तपासण्या रीतसर पुन्हा केल्या, स्वच्छ रिपोर्ट दिला. दादांनी तो काचेवर चिकटवला. श्रावण गेला, गणपती गेले, तरी गिऱ्हाईक फिरकेना.

एका रविवारी गेले, तर एक आजोबा चष्मा लावून रिपोर्ट वाचत होते.

"प्रकाश, रिपोर्ट उत्तम आहे रे. पण खाली सही कोणाची?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "गल्लीतल्याच मॅडमची."

"म्हणजे गटारीला घोळ घालणारी तीच का? मग यावर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या लॅबचा आण."

मीच म्हटलं, "बरोबर बोलतायत आजोबा. दुसऱ्या लॅबचा आणा, दादा."

आजोबा खूश होऊन माझ्याकडे वळले. "बघ प्रकाश, या बाईंना कळतंय!"